उत्तराधिकाऱ्याची वाट

गाडी आज घ्यावी की तिची पुढची आवृत्ती येईपर्यंत थांबावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याजोगा आहे काय, असे कुणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. आमच्या घरात रससिद्धान्तावर वाद व्हावेत, नवकथेवर व्हावेत, अशी लोकांची समजूत आहे आणि ते होतातही. पण २०१९ पासून या घरात ज्या एका विषयावर सर्वाधिक तपशिलाने, साधकबाधक प्रमाणांसह आणि प्रसंगी आवाज चढवून चर्चा झाली, तो विषय मोटारीचा आहे. त्यातही प्रवासाच्या, सोयीच्या, चार माणसे आणि दोन पेट्या नेणाऱ्या मोटारीचा नव्हे. केवळ चालवण्याच्या आनंदासाठी घ्यावयाच्या गाडीचा.

इंग्रजीत जिला स्पोर्ट्स कार म्हणतात तिची व्याख्या करणे कवितेच्या व्याख्येइतकेच अवघड आहे. तरी एक लक्षण सर्वांना मान्य व्हावे. उपयुक्ततेचा काही भाग जाणूनबुजून सोडून देऊन त्या जागी आनंद बसवलेला असतो, ती गाडी स्पोर्ट्स कार. दोन दारे कमी, मागची जागा अपुरी, सामानाला ठाव नाही, आणि हे सारे उणेपण विकत घेण्यासाठी मोजायचे पैसे मात्र अधिक. गद्याला लागणाऱ्या सोयी सोडून देणारी कविता याहून फार निराळे काय करते?

मराठी मुलुखाला हा प्रकार अगदीच परका नाही. गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, फायबरग्लासच्या अंगाची, उघडता येणाऱ्या टपाची छोटी गाडी बनवली होती. इंजिन रेनोचे, ताकद साठ अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या मानाने ती शक्ती हसण्यावारी नेण्याजोगी, पण वारा अंगावर घेण्यास पुरेशी. पुढे दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेने २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात ‘अवंती’ मांडली. आसने दोन, इंजिन चालकाच्या पाठीमागे, जमिनीला लगटून चालणारी. २०१८ च्या प्रदर्शनात याच घराण्याची ‘टीसीए’ नावाची पुढची गाडी दाखवण्यात आली. अवंती आम्ही नागपूरच्या रस्त्यावर एकदा ओझरती पाहिली. टीसीए रस्त्यावर कधीच पाहिली नाही. अवंती परवडत असूनही जो कुणी टीसीएसाठी थांबला असेल, त्याच्याविषयी आमच्या मनात एक विशेष जिव्हाळा आहे.

परंतु गोंदिया जिल्ह्यात जमिनीला लगटून चालणारी गाडी घेणे म्हणजे गतिरोधकांशी शत्रुत्व पत्करणे होय. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. धानाची बांधी, मामा तलाव आणि जंगल हे त्याचे तीन मुख्य घटक, आणि त्यांतून जाणारे रस्ते पावसाळ्यात आपली रूपे बदलतात. देवरीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ सोडला आणि सालेकशाच्या बाजूला हाजरा धबधब्याकडे किंवा अर्जुनी मोरगावच्या बाजूला इटियाडोहाकडे वळले, की तळ उंच असलेल्या गाडीलाच आनंदाची शक्यता उरते. म्हणून आमच्या पुरती स्पोर्ट्स कारची जागा ‘थार’ने घेतली. शुद्धतावाद्यांनी हरकत घ्यावी. तळ उंच आहे, वेग मध्यम आहे, वळणावर ती झुकते. पण दोनच दारे, अपुरी मागची जागा, सामानाची गैरसोय आणि चालवताना होणारा अकारण आनंद ही लक्षणे तिच्या ठायी पुरेपूर आहेत. शिवाय ती नाशिकची. लक्षण महत्त्वाचे, उंची नव्हे, एवढे काव्यशास्त्राने आम्हांला शिकवले आहे.

आता प्रश्नाचा इतिहास. २०१९ मध्ये महिंद्रने जाहीर केले की २०१० पासून चालत आलेल्या थारच्या शेवटच्या ७०० गाड्या निघतील, त्यांवर आनंद महिंद्र यांच्या स्वाक्षरीची पट्टी असेल आणि त्यानंतर ते रूप थांबेल. आमच्यापैकी एकाचे मत पडले, हीच घ्यावी. जुन्या जीपची सरळ वंशज, नंतर मिळणे नाही. दुसरीचे मत पडले, मागच्या बाकांवर एकमेकांकडे तोंड करून बसायचे, अपघातात उघडणारी हवेची पिशवी एकही नाही आणि क्लच असा की डाव्या गुडघ्याने वाटेत राजीनामा द्यावा. तो गुडघा तेव्हाच दुखू लागला होता. आम्ही थांबलो. थांबणे योग्य ठरले. १५ ऑगस्ट २०२० रोजी नवी थार दाखवण्यात आली, २ ऑक्टोबरला तिची विक्री खुली झाली. स्वयंचलित गिअरची सोय आली, हवेच्या पिशव्या आल्या, मागची आसने समोर पाहू लागली आणि त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला चार तारे मिळाले.

वाट पाहण्याच्या बाजूने याहून चांगला पुरावा कोणता? आणि नेमकी इथेच अडचण सुरू झाली. एकदा थांबल्याचे फळ मिळाले की थांबणे ही रीत होते. नव्या गाडीला काही महिन्यांची प्रतीक्षायादी होती, महासाथीचे दिवस होते. नाव नोंदवण्यापूर्वीच पाच दारांची थार येणार अशी वार्ता आली. ती ‘रॉक्स’ १५ ऑगस्ट २०२४ रोजी आली. चांगली, लांबरुंद, कुटुंबवत्सल. पण तिच्यात उपयुक्तता परतली होती आणि आमच्या व्याख्येत ती बसेना. मग १५ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत महिंद्रने पुढच्या काळातल्या चार कल्पना-गाड्या मांडल्या. त्यांतली ‘व्हिजन टी’ थारच्या वळणाची. त्या नव्या बैठकीवरच्या गाड्या २०२७ पासून येतील असे सांगण्यात आले. पाठोपाठ २२ सप्टेंबरला वस्तू व सेवा कराचे दर बदलले, थारच्या किमती उतरल्या. ऑक्टोबरमध्ये तीन दारांच्या थारमध्येच काही सुधारणा झाल्या. म्हणजे आजची गाडी स्वस्त आणि बरी झाली, आणि त्याच सुमारास तिची पुढची पिढीही डोळ्यांसमोर उभी राहिली. आमचा एक जुना विद्यार्थी, जो आता गाड्यांच्याच धंद्यात आहे, म्हणाला, “सर, मॅडम, थांबा ना जी. नवीन मॉडेल येऊन राहिलं.” त्याच्या वडिलांनी शेजारी बसून सांगितले, “घेऊन टाका ना जी. नवीन मॉडेल तं येतच राहते.” एकाच घरातली ही दोन वाक्ये आमच्या सहा वर्षांच्या चर्चेचा सारांश आहेत.

आमच्या आधीच्या पिढीलाही वाट पाहणे चुकले नव्हते. आकुर्डीहून येणारी बजाजची स्कूटर मिळावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून ठेवले. त्या प्रतीक्षेत मात्र एक स्वच्छपणा होता. हवी ती वस्तू ठरलेली होती. उत्पादन परवान्याने बांधलेले असल्यामुळे ती मिळत नव्हती. नंबर लागला की वाट संपत असे. आजच्या प्रतीक्षेचा स्वभाव उलटा आहे. वस्तू समोर उभी आहे, किल्ली आज मिळू शकते; आणि आपण थांबतो ते जी अजून नाही तिच्यासाठी. पहिल्या प्रतीक्षेत माणूस रांगेत उभा असतो. दुसरीत तो रांगेतून बाहेर उभा राहून रांग पाहत असतो.

हे दुखणे केवळ ग्राहकाचे नाही. अमेरिकेतील ऑस्बोर्न कंपनीने १९८१ मध्ये उचलून नेण्याजोगा संगणक काढला आणि तो खपला. पुढे तिने याहून सरस यंत्रे येत असल्याचे वेळेआधी सांगितले, ग्राहक थांबले, आणि १९८३ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. बुडण्याची इतरही कारणे होती असे अभ्यासक म्हणतात. पण ‘ऑस्बोर्न परिणाम’ हा शब्दप्रयोग मात्र रूढ झाला. उद्याच्या वस्तूने आजच्या वस्तूला खाऊन टाकणे, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की त्यात उद्याची वस्तूही जगत नाही, कारण तिला जन्म देण्याचे बळ आजच्या वस्तूच्या विक्रीतूनच यायचे असते.

‘उत्तराधिकारी’ या शब्दावर जरा थांबू. उत्तराधिकारी म्हणजे जो नंतर येतो आणि अधिकार घेतो. गाड्यांच्या बाबतीत बहुधा अधिकार नावाचाच असतो. टाटांची ‘सिएरा’ १९९१ मध्ये आली. तीन दारे, मागच्या बाजूला छतात वळलेली मोठी काच. तेव्हाच्या तरुणांनी वहीत तिचे चित्र काढून ठेवावे अशी. २००३ मध्ये ती बंद झाली. २०२० च्या प्रदर्शनात तिचे नवे रूप कल्पना म्हणून दिसले आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी सिएरा खरोखर बाजारात आली. मधे बावीस वर्षे गेली. नवी गाडी उत्तम असेल; पण तिला दारे पाच आहेत. वहीत चित्र काढणारा तरुण आज पन्नाशीत आहे आणि तो ज्या गाडीची वाट पाहत होता ती गाडी आलेली नाही, तिचे नाव आलेले आहे. आमच्या जंगलातही असेच. नवेगाव-नागझिऱ्यात पर्यटकांना हिंडवणाऱ्या मारुतीच्या उघड्या जिप्सींचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले, २०२३ मध्ये जिम्नी आली, तीही आपल्याकडे पाच दारांची.

ग्रंथांच्या जगात हा प्रश्न आपण अधिक शहाणपणाने सोडवतो असे वाटते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी सुधारून वाढवलेली १८५७ ची. दुसरी सरस आहे यात शंका नाही; आज आपण वापरतो ती तीच. पण १८३१ मध्ये कोणी पुढच्या आवृत्तीसाठी थांबला असता तर सव्वीस वर्षे त्याने कोशावाचून काढली असती, आणि शब्द अडण्याचे प्रसंग तेवढ्यात थांबले नसते. शब्द आज अडतो, म्हणून कोश आजचा लागतो. ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ या तीन शब्दांच्या मोहाला आम्ही वर्गात कधी बळी पडत नाही. विद्यार्थ्याला हाताशी असलेली प्रत वाचायला सांगतो.

रेल्वेने आमच्या जिल्ह्याला याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवली. गोंदियाहून सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी एकेकाळी या भागाची ओळख होती. तिचे रुंदीकरण टप्प्याटप्प्याने झाले. वरच्या भागातली जुनी गाडी २०१५ मध्ये थांबवली गेली आणि गोंदिया-जबलपूर हा पूर्ण मार्ग रुंद रुळांवर खुला व्हायला २०२१ उजाडले. नव्याला जागा करून देण्यासाठी जुने आधी उचलावे लागते, आणि मधली काही वर्षे ना जुने ना नवे अशी जातात. नवी रेल्वे निःसंशय वेगवान आहे. पण त्या मधल्या वर्षांत ज्यांची शिक्षणे, बाळंतपणे, आजारपणे झाली, त्यांच्या हिशेबात नव्या गाडीचा वेग कुठे धरायचा?

म्हणून प्रतीक्षेचे दोन प्रकार वेगळे काढले पाहिजेत. नागपूर जिल्ह्यातला रामटेक म्हणजेच मेघदूतातला रामगिरी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी आग्रहाने मांडले. तिथल्या यक्षाची प्रतीक्षा आपण वर्षानुवर्षे शिकवतो, पण तिच्यातल्या एका व्यावहारिक तपशिलाकडे लक्ष थोडेच जाते. शापाला मुदत आहे. वर्षभराचा शाप, आठ महिने सरले, चार उरले, कधी संपणार तेही ठाऊक. मुदत आहे म्हणून त्या विरहात काव्य मावते. मुदत काढून टाका, म्हणजे यक्षाचा नुसता बदली न होणारा कर्मचारी उरेल. २०१९ ची आमची प्रतीक्षा मुदतीची होती. जुने रूप बंद होणार हे जाहीर होते, नवे कशासाठी हवे हे आम्हांला ठाऊक होते. गुडघा, सुरक्षितता आणि मागची आसने या तीन गोष्टी हव्या होत्या. त्या तिन्ही मिळाल्या. आज व्हिजन टीकडून आम्हांला नेमके काय हवे आहे, हे एका संध्याकाळी आम्ही कागदावर लिहायला बसलो. कागद कोरा राहिला. नवेपण हवे होते, एवढेच.

याच जिल्ह्यात, इटियाडोहाच्या परिसरात गोठणगावजवळ, तिबेटी निर्वासितांची नॉर्गेलिंग ही वसाहत आहे. १९७० च्या दशकापासून ती माणसे इथे आहेत. त्यांच्या प्रतीक्षेला मुदत नाही. परतीची वाट आहे, आणि दलाई लामांनी २०२५ च्या जुलैत आपल्यानंतरही ही परंपरा चालू राहील असे सांगितल्यापासून उत्तराधिकारी हा शब्द त्यांच्यासाठी किती जड आहे हे बाहेरच्यांनाही कळले. मोटारीच्या चर्चेत त्यांचे नाव घेताना संकोच वाटतो. पण तिथे गेल्यावर दिसतात ती राहती घरे, प्रार्थनास्थळे आणि झाडीपट्टीच्या धानाची शेते. ल्हासाला जायचे आहे म्हणून इथला पाऊस कुणी वाया जाऊ दिलेला नाही. मुदत नसलेली वाट कशी पाहावी हे ज्याला शिकायचे असेल त्याने तिथे जावे. वाट पाहायची, आणि तोवर रोवणीही उरकायची.

धानाचा विषय निघालाच आहे तर दादाजी खोब्रागडे यांचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचा हा अल्पभूधारक शेतकरी १९८० च्या दशकात ‘पटेल ३’ नावाचे धान पेरत होता. त्याच बांधीत त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुन्हा पेरल्या, निवडल्या, वर्षानुवर्षे हेच केले. आणि त्यांतून जे वाण निघाले त्याला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. आज आमच्याकडे बाजारात तांदूळ घेताना हे नाव उच्चारल्याशिवाय व्यवहार होत नाही. पुढेही त्यांनी एकामागून एक वाणे काढली. २०१८ मध्ये ते गेले. या गोष्टीत आमच्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पूर्ण आहे. पटेल ३ चा उत्तराधिकारी कुठल्या मंचावर जाहीर झाला नव्हता. तो पटेल ३ च्याच शेतात उगवला, कारण ते शेत त्या वर्षी पेरलेले होते. पुढचे वाण येईल म्हणून दादाजींनी बांधी पडीक ठेवली असती तर लोंबी दिसली कुठे असती?

प्रतिपक्षही मांडला पाहिजे. पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. ज्या जिल्ह्यात शेतकरी हमीभावाच्या चुकाऱ्याची वाट पाहतो, तिथे दोन अध्यापकांनी आनंदासाठी गाडी घेणे शोभते काय? यावर आमच्याजवळ निर्दोष उत्तर नाही. एवढेच कळते की हा आक्षेप आजच्या गाडीला जसा लागू आहे तसाच २०२७ च्या गाडीलाही आहे. थांबल्याने खर्च नैतिक होत नाही. घ्यायचीच नसेल तर ते आज सांगावे; ‘पुढची घेऊ’ हे उत्तर त्या नकाराचे भित्रे रूप आहे. दुसरा आक्षेप तंत्राचा. नवी गाडी अधिक सुरक्षित असेल, कदाचित विजेवर चालेल, कमी धूर सोडेल. हे खरे ठरू शकेल, आणि रोज पन्नास किलोमीटर जाणाऱ्याने त्याचा विचार जरूर करावा. आमचे काम एका जुन्या छोट्या गाडीवर आणि रेल्वेवर भागते. ही गाडी महिन्यातून चार-पाचदा निघेल. तिसरा आक्षेप रस्त्याचा. नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्ग आखला गेला आहे, तो झाल्यावर वेगवान गाडीला अर्थ येईल, असे स्नेही सांगतात. म्हणजे गाडीसाठी थांबायचे, रस्त्यासाठीही थांबायचे. शिवाय आम्हांला जायचे आहे ते हाजऱ्याला, बोदलकशाला, नवेगावबांधच्या काठाने. तिथे द्रुतगती मार्ग जात नाही, आणि जाऊ नये.

उरतो तो मुद्दा, जो सहा वर्षांत दोघांनीही मोठ्याने उच्चारला नव्हता आणि गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलेलो असताना उच्चारला गेला. ती म्हणाली, “अहो, गाडीची पुढची पिढी येईल. माझ्या गुडघ्याची येणार नाही.” शस्त्रक्रिया टाळता येईल तितकी टाळायची असे ठरले आहे; ती किती टळेल याला मुदत नाही. दोघांपैकी एकाचे निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांचा त्रास आताच होऊ लागला आहे. गाड्यांचे तक्ते मांडताना आम्ही इंजिन, गिअर, किंमत, चाचण्या असे सारे रकाने आखले होते, चालकाचा रकाना आखलाच नव्हता. त्या रकान्यात दर वर्षी एकच प्रकारचा बदल होतो, आणि कुठलीही कंपनी तो परत फिरवीत नाही.

तेव्हा आमचा निर्णय असा. तीन दारांची, स्वयंचलित गिअरची, आज मिळते ती थार. रंगावर एकमत नाही, पण तो वाद मुदतीचा आहे. मृग लागण्यापूर्वी गाडी दारात हवी. २०२७ मध्ये जी येईल ती आम्ही आवडीने पाहायला जाऊ, आणि ती अधिक चांगली असली तर तसे प्रामाणिकपणे म्हणू. त्याआधी एक तरी पावसाळा दरेकशाच्या घाटातून जाईल. पहिल्या फेरीत गाडी कोण चालवणार हेही ठरले आहे. गुडघा जिचा, किल्ली तिची.